मॉड मॅनेजर बदलला की चालता गेम बंद का पडतो?

११ नोव्हेंबर २०११. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचा ‘स्कायरिम’ हा गेम बाजारात आला. बर्फाळ डोंगर, ड्रॅगन, तलवारी असा सगळा मामला. त्यानंतर गेमिंगच्या दुनियेत किती काय बदललं, पण स्कायरिम खेळणारे काही कमी व्हायचं नाव घेत नाहीत. याचं मोठं श्रेय कंपनीपेक्षा खेळणाऱ्यांनाच द्यावं लागतं, कारण त्यांनी या गेमसाठी हजारो मॉड बनवले आणि अजूनही बनवतायत.

मॉड म्हणजे मूळ गेममध्ये केलेला बदल. कुणी झाडं अधिक खरी वाटतील अशी करतो, कुणी नवं गाव वसवतो, कुणी कंपनीने ठेवलेल्या चुका दुरुस्त करतो. ‘स्काययूआय’सारखा मॉड तर फक्त गेममधला मेनू कॉम्प्युटरवर वापरायला सोपा करतो, आणि तो नसेल तर अनेकांना खेळायलाच नको वाटतं.

एक-दोन मॉड टाकायला काहीच लागत नाही. फाइल डाउनलोड करा, गेमच्या ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका, झालं. पण आकडा २००-३०० वर गेला की कुठली फाइल कुणाची हे कळेनासं होतं. तिथे मॉड मॅनेजर लागतो. आणि एक मॅनेजर सोडून दुसऱ्यावर गेलं की महिनोन्महिने सुरळीत चाललेला गेम पहिल्याच मिनिटाला बंद पडतो, असं बऱ्याच जणांचं होतं. असं का होतं?

मॅनेजर नेमकं करतो काय?

समजा एका मॉडने रिव्हरवुड गावातल्या घरांचे दगड बदलले आणि दुसऱ्याने त्या गावातलं सगळंच बदललं. दोघांकडे एकाच नावाची फाइल आहे. गेम त्यातली एकच वाचणार. मग कुणाची? ज्याचा शब्द शेवटचा, त्याचं खरं. हा शेवटचा शब्द कुणाचा ते ठरवणं आणि ते लक्षात ठेवणं, हे मॅनेजरचं खरं काम. डाउनलोड करणं, फाइल उलगडणं ही त्यामानाने किरकोळ कामं.

याशिवाय प्लगइन नावाच्या फाइल असतात. गेममधली माणसं, वस्तू, त्यांची किंमत, ताकद असली माहिती त्यात असते. त्याही एका क्रमाने वाचल्या जातात आणि तिथेही नंतर येणारा आधीच्यावर मात करतो. म्हणजे दोन वेगवेगळ्या रांगा झाल्या. नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा याच दोन रांगा एक समजल्यामुळे होतो.

एकाच माणसाने सुरू केलेले दोन रस्ते

मॉडच्या जगातली सगळ्यात मोठी पेठ म्हणजे ‘नेक्सस मॉड्स’ ही वेबसाइट. ब्रिटनच्या रॉबिन स्कॉट यांनी २००१ मध्ये सुरू केलेली. स्कायरिमच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक जण याच साइटचा ‘नेक्सस मॉड मॅनेजर’ वापरायचे. तो तेव्हा फाइली सरळ गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचा. मॉड काढताना एखादी फाइल मागे राहिली किंवा भलतीच निघाली की शेवटी अख्खा गेम नव्याने इन्स्टॉल करण्याची वेळ यायची.

या त्रासावर ‘टॅनिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने ‘मॉड ऑर्गनायझर’ काढला. यात गेमच्या फोल्डरला हातच लावायचा नाही. नाटकात मागे लावलेला पडदा असतो ना, प्रेक्षकाला राजवाडा दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे भिंत असते, तसं हे आहे. गेम मॉड ऑर्गनायझरमधून सुरू केला की त्याला सगळे मॉड ‘डेटा’ फोल्डरमध्येच असल्यासारखे दिसतात. गेम बंद केला की पडदा वर. फोल्डर होतं तसं कोरं. म्हणूनच हा गेम मॅनेजरमधूनच सुरू करावा लागतो. नेहमीच्या शॉर्टकटवरून सुरू केला तर एकही मॉड दिसत नाही आणि सगळं उडालं म्हणून माणूस घाबरतो.

२०१६ मध्ये नेक्ससने याच टॅनिनला नोकरीवर घेतलं आणि नवा मॅनेजर बनवायला सांगितलं. तो म्हणजे ‘व्होर्टेक्स’. जुन्या नेक्सस मॉड मॅनेजरची जागा त्याने घेतली. तिकडे टॅनिनने अर्धवट सोडलेलं ‘मॉड ऑर्गनायझर २’ स्वयंसेवकांनी उचललं आणि ते आजही तेच सांभाळतायत. म्हणजे आज ज्या दोन मॅनेजरच्या चाहत्यांमध्ये ‘आमचाच भारी’ म्हणून भांडणं होतात, त्या दोन्हींची सुरुवात एकाच माणसाने केलेली आहे.

व्होर्टेक्सची पद्धत मात्र वेगळी. तो मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेमच्या फोल्डरमध्ये त्यांच्या ‘हार्डलिंक’ बनवतो. घरात पिंट्या आणि शाळेच्या हजेरीत प्रशांत, पण पोरगा एकच, तशी हार्डलिंक असते. फाइल एकच, नावं दोन ठिकाणी. त्यामुळे डिस्कवर दुप्पट जागा जात नाही. अट एवढीच की व्होर्टेक्सचं मॉडचं फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर हवेत. गेम सी ड्राइव्हवर आणि मॉड डी ड्राइव्हवर, हे या पद्धतीत चालत नाही.

हरवतात ते निर्णय

मॅनेजर बदलणाऱ्याला वाटतं की आपल्याला शंभर जीबी फाइली इकडून तिकडे न्यायच्या आहेत. खरं तर फाइली नेणं सोपं असतं. व्होर्टेक्समध्ये मॉड ऑर्गनायझरमधून मॉड आयात करण्याची सोयही आहे. अवघड असतं ते निर्णय नेणं.

मॉड ऑर्गनायझरमध्ये डावीकडे मॉडची यादी असते. जो खाली, तो जिंकला. तुम्ही एकेक मॉड ओढून वर-खाली करता. व्होर्टेक्स असा क्रमांक ठेवत नाही. तो नियम ठेवतो: ‘हा मॉड त्याच्यानंतर’. दोघांमध्ये टक्कर असेल तर लाल विजेचं चिन्ह दाखवतो आणि तुम्हाला विचारतो. प्लगइनची रांग तो ‘लूट’ नावाच्या साधनाच्या मदतीने आपोआप लावतो. त्यामुळे एका पद्धतीतलं ‘१३वा नंबर’ दुसऱ्या पद्धतीत जसंच्या तसं लिहिताच येत नाही. मॉड ऑर्गनायझरमधून आलेला माणूस व्होर्टेक्समध्ये माउसने प्लगइन ओढायला जातो, ते हलत नाही, आणि पहिल्याच दिवशी वैतागतो. उलट दिशेने जाणारा, सगळं आपणच लावायचं हे पाहून वैतागतो.

आणखी एक ठिकाण आहे जिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोठा मॉड टाकताना एक खिडकी उघडते आणि विचारते, दगड कुठले हवेत, अमुक मॉड असेल तर त्याचा पॅच टाकू का, वगैरे. या खिडक्यांना ‘फोमॉड’ म्हणतात. हे नाव ‘फॉलआउट मॉड मॅनेजर’ या जुन्या मॅनेजरवरून पडलं. तो कधीच मागे पडला, नाव राहिलं. नव्या मॅनेजरमध्ये मॉड पुन्हा इन्स्टॉल केला की ही खिडकी पुन्हा सगळे प्रश्न विचारते. सहा महिन्यांपूर्वी काय उत्तर दिलं होतं हे कुणाला आठवतंय? एक पॅच राहून जातो आणि गेम सुरू होताच बंद पडतो.

सेव्ह फाइलचं काय?

खरी भीती इथे आहे. १५०-२०० तास खेळलेला सेव्ह. स्कायरिमच्या सेव्हमध्ये तुमची पातळी, सामान एवढंच नसतं. मॉडच्या स्क्रिप्ट, म्हणजे पडद्यामागे चालू असलेल्या सूचना, त्यांची अवस्थाही त्यात साठवलेली असते. मॅनेजर कुठला हे सेव्हला माहीत नसतं आणि त्याला त्याच्याशी देणंघेणंही नसतं. तेच मॉड, त्याच आवृत्त्या, तोच क्रम मिळाला तर तो उघडतो. पण त्यातला एखादा मॉड गळला, तर त्या स्क्रिप्ट अनाथ होतात. कधी लगेच गेम बंद पडतो, तर कधी ३० तासांनंतर. दुसरं जास्त वाईट, कारण तोवर चांगले सेव्हही पुसले गेलेले असतात.

त्यामुळे चालू असलेला खेळ आधी संपवावा आणि नव्या खेळासोबत नवा मॅनेजर घ्यावा, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. थांबणं शक्यच नसेल तर निदान जुन्या मॅनेजरमधल्या दोन्ही रांगांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मॉड ऑर्गनायझर आपल्या प्रोफाइल फोल्डरमध्ये या याद्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो, त्यांची प्रत काढून ठेवली तर उत्तमच.

मॉड ऑर्गनायझर सोडताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. प्रत्येक प्रोफाइलचे सेव्ह वेगळे ठेवण्याचा पर्याय चालू असेल तर ते ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतात, मॅनेजरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. हे न कळल्याने मॅनेजरसोबत सेव्हही डिलीट करणारे आहेत. दुसरं म्हणजे ‘ओव्हरराइट’ फोल्डर. खेळताना तयार झालेल्या बऱ्याच फाइली त्यात पडलेल्या असतात आणि त्यातल्या काही कामाच्या असतात.

व्होर्टेक्स सोडताना ‘पर्ज’ हे बटण दाबायचंच. त्याने गेमच्या फोल्डरमधल्या सगळ्या लिंक निघतात. ते न करता व्होर्टेक्स काढून टाकला तर लिंक तिथेच राहतात आणि नव्या मॅनेजरला त्या गेमच्याच मूळ फाइली वाटतात. मग स्टीमवर ‘व्हेरिफाय’ केलं की साफ होईल, असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. स्टीम बिघडलेल्या किंवा हरवलेल्या मूळ फाइली परत आणतं, जास्तीच्या फाइली काढत नाही.

मुळात बदलायची गरज आहे का?

बऱ्याचदा दोष मॅनेजरचा नसतोच. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कायरिमची ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ आली, मूळ प्रोग्राम नव्याने बांधला गेला आणि ‘एसकेएसई’ या साधनावर चालणारे असंख्य मॉड एका रात्रीत बंद पडले. २५ एप्रिल २०२४ला ‘फॉलआउट ४’ची तीच गत झाली. ‘फॉलआउट लंडन’ या प्रचंड मोठ्या मॉडचं प्रकाशन त्याच आठवड्यात ठरलं होतं. अपडेटमुळे ते थेट जुलैवर गेलं. अशा वेळी मॅनेजर बदलून काहीही होत नाही. स्टीममध्ये गेमचं अपडेट ‘फक्त गेम सुरू करताना’ यावर ठेवून गेम एसकेएसईमधून सुरू केला तर हा प्रश्न बराचसा टळतो.

बदलायचंच ठरलं, तर डाउनलोड केलेल्या झिप फाइलींना हात लावू नये. दोन्ही मॅनेजर त्याच फाइली वापरू शकतात. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर शंभर जीबी पुन्हा उतरवायचे म्हटले तर दोन महिने जातील. जुन्या मॅनेजरचं फोल्डरही लगेच उडवायची घाई नको. नव्या मॅनेजरवर गेम सुरू होतो एवढं बघून भागत नाही. चार-पाच गावं फिरून, एखादी गुहा पालथी घालून, दोन-तीनदा सेव्ह करून तो परत उघडतोय का हे पाहावं आणि मगच जुनं डिलीट करावं.