शरद ऋतूतील पक्षिनिरीक्षण व शाळेची नोंदवही

आश्विन लागला, की आकाश निवळते, धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागतात आणि बोड्या व तलाव काठोकाठ भरलेले असतात. परिसर-अभ्यासास याहून सोयीचा काळ नाही. पक्ष्यांची ओळख करून देण्यासाठी मुलांना दूर नेण्याचेही कारण नाही. केशोरीसारख्या गावी शाळेपासून चालत जाता येईल अशी एखादी बोडी, धानाचा बांध अथवा जुनी आमराई पुरेशी आहे.

या दिवसांत दिसणारे पक्षी दोन प्रकारचे असतात. बगळा, खंड्या, कमळपक्षी, वेडा राघू हे येथील रहिवासी होत. चास अथवा नीलपंख हाही त्यांपैकीच असून पुष्कळ लोक त्याला नीलकंठ म्हणतात व विजयादशमीस त्याचे दर्शन शुभ मानतात. दुसरे हिवाळी पाहुणे होत. शेपटी सतत वरखाली हलविणारा धोबी पक्षी त्यांत लवकर येतो. पुढे मोठ्या जलाशयांवर तलवार बदक, थापट्या, चक्रवाक आदी उतरतात. पट्टकदंब नावाचा हंस तर हिमालय ओलांडून येतो. हे पक्षी केवळ थंडीला भिऊन येतात, असे मुलांस सांगू नये. उत्तरेकडे दिवस लहान होतात, पाणी गोठते व अन्न दुर्मिळ होते. यास्तव त्यांना स्थलांतर करावे लागते.

आपल्या भागात पूर्वजांनी बांधलेले तलाव पुष्कळ आहेत. कोहळी समाजाचे तलाव बांधण्यातील कौशल्य प्रसिद्धच आहे. नवेगाव बांधचा तलाव आणि गाढवी नदीवरील इटियाडोह जलाशय ही त्या दृष्टीने आपली मोठी पाठशाळाच होय. कै. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने नवेगावच्या रानात अनेक वर्षे पक्ष्यांचा अभ्यास केला. रानात वावरणाऱ्या लोकांच्या तोंडची पक्ष्यांची नावे त्यांनी जतन केली. आपल्या मुलांनीही गावातील वृद्ध ढिवर व शेतकरी यांस विचारून स्थानिक नावे लिहून घ्यावीत.

निरीक्षणाची रीत सोपी आहे. सूर्योदयानंतरच्या तासाभरात आठ-दहा मुलांचा गट न्यावा. पाण्याच्या काठाशी मुलांनी अंतर राखून शांत बसावे. पक्ष्याचा आकार, चोच, पाय, रंग, चाल व आवाज आधी लिहावा. नाव नंतर शोधावे. नाव न कळल्यास अंदाजाने लिहू नये. तारीख, वेळ, ठिकाण व संख्या ही प्रत्येक नोंदीत असावीत. घरट्यास हात लावू नये आणि गलोल शाळेच्या आवारातही आणू देऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास सारस पक्ष्याचे उदाहरण पुरेसे आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा पक्षी पावसाळ्यात पाणथळीत व धानाच्या बांध्यांतही घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला असून अलीकडील गणनांत येथील संख्या पन्नासच्याही आत भरली आहे. पाणथळ जागांचा ऱ्हास, शेतातील विषारी औषधे व विजेच्या तारा यांचा त्याला उपद्रव होतो. आज त्याची गणना होते, म्हणून तो किती उरला हे कळते. परंतु एखाद्या बोडीवरील लहानसा पक्षी दिसेनासा झाला, तर तो पूर्वी तेथे होता याचा पुरावा गावाजवळ कोठे असतो?

तो पुरावा शाळाच ठेवू शकते. अभ्यासक येतात आणि जातात. शाळा मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी असते. महाराष्ट्र शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. 5 नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा व 12 नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिन. या आठवड्यात प्रतिवर्षी त्याच बोडीवर, त्याच वेळी गणना करावी आणि वही दप्तरी जपून ठेवावी. शिक्षकाची बदली झाल्यास इतर कागदपत्रांबरोबर तीही नव्या शिक्षकाच्या हाती सोपवावी. दहा वर्षांनी त्या वहीची किंमत कळेल. आणि तोवर मुलांस नीट पाहण्याची व जे पाहिले तेवढेच लिहिण्याची सवय जडलेली असेल.