अंगणातला ‘पाइन’

नर्सरीत मिळतो तो कोण?

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भारी काळ्या जमिनीला भेगा पडतात. खरा पाइन, म्हणजे हिमालयातला चीड, इथे लावण्याचा हट्ट करू नये. त्याला निचऱ्याची, आम्लतेकडे झुकणारी माती आणि मुळांशी राहणारी बुरशी लागते. चुनखडीच्या जमिनीत तो पिवळा पडतो. ओळख सोपी आहे: चिडाच्या लांब सुया तीन-तीनच्या जुडग्याने येतात. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू पाइनसारखा दिसतो, पण तो फुलझाडांच्या कुळातला.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो बहुधा अरोकेरिया. मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. नॉरफोक बेटावर कॅप्टन कुक १७७४ साली पोचला, त्या बेटावरून ‘नॉरफोक पाइन’ हे नाव रूढ झालं. मात्र त्या नावाने विकलं जाणारं रोप पुष्कळदा कुक पाइन निघतं. ते विषुववृत्ताकडे झुकत वाढतं, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. माळ्याला बोल लावू नका.

रोप निवडताना

शेंडा पाहा. सरळ, अखंड शेंडा असेल तरच घ्या. बाजूच्या फांदीपासून केलेलं कलम आयुष्यभर आडवंच पसरतं. शेंडा छाटला तर झाडाचा मजल्यामजल्यांचा आकार कायमचा जातो, म्हणून कात्री दूर ठेवा.

खड्डा आणि पाणी

काळ्या जमिनीत मोठा घात पावसाळ्यात होतो. पाणी तुंबलं की मुळं कुजतात. दोन फुटांचा खड्डा मुरूम, रेती, शेणखत आणि मातीने भरा आणि रोप उंचवट्यावर लावा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत दुपारी सावलीची जाळी हवी. बुंध्यापासून थोडं अंतर सोडून सोयाबीनचं कुटार पसरा. पाणी खोलवर द्या, माती वरून सुकली की पुन्हा. खालच्या फांद्या वाळून गळाल्या की त्या जागी नव्या येत नाहीत. पाण्याची हयगय तिथे कायमची दिसते.

जागा

मूळ बेटांवर ही झाडं ५० मीटरच्या वर जातात. भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडा, विजेच्या तारांखाली नकोच. तेवढी जागा नसेल तर कुंडीत वाढवा, किंवा मोरपंखी लावा. ती चुनखडी आणि कोरडेपणा दोन्ही सोसते.

सावलीसाठी मात्र यातलं काहीच लावू नका. त्याला कडुलिंबच हवा.