लष्करी अधिकाऱ्यांच्या समारंभीय कमरपट्ट्यांचा संग्रह : ऐतिहासिक साधन म्हणून एक विचार

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट व नाणी यांचा विचार प्रथम होतो. गणवेश व त्यांचे घटक मात्र बहुधा हौशी संग्राहकांच्या कक्षेतच राहतात. वास्तविक लष्करी गणवेश हा लेखी नियमांनी बांधलेला असल्यामुळे त्यातील प्रत्येक बदलामागे शासकीय निर्णय असतो व त्या निर्णयाला निश्चित वर्ष असते. प्रस्तुत लेखात ब्रिटिश पायदळातील अधिकाऱ्यांचे समारंभीय कमरपट्टे आणि ब्रिटिश हिंदी सैन्यातील, विशेषतः मुंबई सैन्यातून पुढे आलेल्या पलटणींची चिन्हे विचारात घेतली आहेत. असा पट्टा इतिहासाचे साधन केव्हा ठरतो आणि संग्राहकाच्या हातून ते साधनमूल्य कसे नष्ट होते, हे स्पष्ट करणे हा लेखाचा उद्देश आहे.

पट्ट्याचे स्वरूप :

१८५५ पर्यंत ब्रिटिश पायदळातील अधिकाऱ्याची तलवार खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या पट्ट्याला लटकत असे व त्या पट्ट्यावर पलटणीचे चिन्ह असलेला धातूचा पत्रा असे. १८५५ मध्ये हा पट्टा जाऊन कमरपट्टा आला. त्याच्या पुढील बाजूस एकमेकांत अडकणाऱ्या दोन भागांचे गोल बक्कल असे. मधल्या चकतीवर पलटणीचा क्रमांक किंवा चिन्ह आणि भोवतालच्या कड्यावर तिचे नाव, अशी त्याची सर्वसाधारण रचना होती. पट्ट्याला तलवारीसाठी वाद्या जोडलेल्या असत. नित्याच्या कामासाठी पांढऱ्या चामड्याचा, तर राजदरबार व तत्सम प्रसंगी सोनेरी जरीपट्टीने मढविलेला पट्टा वापरला जाई. अधिकारी गणवेश स्वखर्चाने शिवून घेत. त्यामुळे एकाच नियमानुसार तयार झालेल्या दोन पट्ट्यांतही जरीचा कस व कारागिरी भिन्न आढळते.

याच काळात किरमिजी रेशमी शेला कमरेवरून डाव्या खांद्यावर गेला आणि १९०२ मध्ये पुन्हा कमरेवर आला. परिणामी, सर्वसाधारण पायदळातील अधिकाऱ्यांच्या गणवेशातून बक्कल असलेला दर्शनी कमरपट्टा मागे पडला. सॅम ब्राउन पट्टा मात्र याहून वेगळा आहे. ३१ ऑगस्ट १८५८ रोजीच्या चकमकीत डावा हात गमावलेल्या सॅम्युएल ब्राउन यांनी तलवार सांभाळण्याच्या सोयीसाठी तो योजिला होता. तो मुळात रणांगणावरील गरजेतून आलेला असल्याने त्याची गणना समारंभीय पट्ट्यांत करणे योग्य नाही.

कालनिश्चितीचे निकष :

पहिला निकष क्रमांकाचा आहे. १८८१ च्या पुनर्रचनेत ब्रिटिश पायदळातील पलटणींचे क्रमांक रद्द होऊन त्यांना प्रादेशिक नावे मिळाली. म्हणून क्रमांक असलेले गोल बक्कल सामान्यतः १८५५ ते १८८१ या काळातील मानावे लागते. दुसरा निकष मुकुटाचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली झुकलेल्या दिसतात, तर १९०१ नंतरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या उंच आहेत. तिसरा निकष जरीच्या विणीचा. १८८१ नंतर गणवेशावरील जरीपट्टीत इंग्लंड व वेल्समधील पलटणींसाठी गुलाब, स्कॉटलंडसाठी काटेरी फूल व आयर्लंडसाठी त्रिदल पान असे नमुने ठरविण्यात आले.

एकच निकष पुरेसा नसतो, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. एखाद्या सुट्या चिन्हावर केवळ ‘१०३’ हा आकडा असल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील युरोपियन पलटण १८६२ मध्ये ब्रिटिश सैन्यात वर्ग होऊन १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली. १८८१ मध्ये ती रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी पलटण बनली. पुढे १९०३ मध्ये हिंदी सैन्याच्या नव्या क्रमांकनात मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले आणि तिसरी मुंबई पलटण १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १९२२ मध्ये तिचा समावेश ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत झाला. एकाच आकड्याखाली गोऱ्या शिपायांची एक व मराठी शिपायांची एक, अशा दोन पलटणी उभ्या आहेत. त्यांतील कोणती, हे ठरविण्यासाठी मुकुट, नाव, बक्कलाची घडण आणि ज्या पट्ट्यावर ते होते तो पट्टा, हे सर्व एकत्र पाहावे लागते.

संग्रहातून होणारी हानी :

नेमके हे एकत्रपणच बाजारात मोडते. बक्कल लहान, टिकाऊ व सहज विकले जाणारे असल्याने ते पट्ट्यावरून काढले जाते. जीर्ण चामडे टाकून दिले जाते. पुढे तेच बक्कल दुसऱ्या पट्ट्यावर बसवून ‘संपूर्ण’ म्हणून विकले जाते. दोन्ही भाग अस्सल असले तरी त्यांची जोडी खोटी असते आणि असा पुरावा सरळ नकलेपेक्षा अधिक फसवा ठरतो. अस्तरावर शाईने लिहिलेले अधिकाऱ्याचे नाव हरवले की लष्करी याद्या व ‘लंडन गॅझेट’मधील नेमणुकांशी पडताळणी करण्याचा मार्गही बंद होतो.

नकलांचा प्रश्नही आहेच. सियालकोट व वाराणसी येथे आजही गणवेशासाठी उत्तम जरीकाम होते. ते प्रामाणिक काम जुने म्हणून विकले गेले तर दोष विक्रेत्याचा. अतिनील प्रकाशात धागा चमकल्यास आधुनिक शुभ्रताकारक रसायनांची शंका घ्यावी; मात्र जुना पट्टा अलीकडे धुतला असल्यासही तो चमकू शकतो.

जतन व कायदा :

जुनी सोनेरी जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार होय. ती काळवंडते म्हणून चिंच किंवा पॉलिश लावल्यास पातळ मुलामाच निघून जातो. पितळ व चामडे यांच्या संपर्कात तयार होणारा हिरवा थर लाकडी काडीने हलकेच काढावा. पट्टा घट्ट गुंडाळू नये. आम्लमुक्त कागदात, अंधाऱ्या व कोरड्या जागी सपाट ठेवावा.

पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांच्या व्यापारास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही.

निष्कर्ष :

१) पट्टा, बक्कल, वाद्या व अस्तर मिळून एक पुरावा होतो, त्यांतील एकही घटक बदलू नये.

२) वस्तू कोणाकडून, कोठून व कोणत्या स्थितीत मिळाली याची नोंद खरेदीच्या दिवशीच छायाचित्रासह करावी.

३) नंतर केलेली दुरुस्ती लपवू नये, नोंदीत स्पष्ट लिहावी.

४) महाविद्यालयीन इतिहास विभागांनी परिसरातील माजी सैनिकांच्या कुटुंबांकडे असलेल्या अशा वस्तूंची, त्या ताब्यात न घेताही, सूची तयार करावी.

चकाकणाऱ्या सुट्या बक्कलांची मोठी रांग जमविण्यापेक्षा नोंदीसह जपलेला एक जीर्ण पट्टा अभ्यासकाला अधिक काही सांगू शकतो. संग्राहकाने ही दृष्टी स्वीकारली, तरच त्याचा छंद इतिहासाच्या उपयोगी पडेल.