ब्रूस बुडाला तेव्हा

१९७४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटालगत एक पंचवीस फुटी शार्क समुद्रात उतरवला गेला आणि थेट तळाशी गेला. तो घडवणारे बॉब मॅटी काही नवशिके नव्हते. डिस्नेच्या चित्रपटासाठी अजस्र माकूळ उभा करणाऱ्या या माणसाला निवृत्तीतून बोलावून आणलं होतं. हवेच्या दाबावर चालणारे असे तीन शार्क तयार होते. फक्त खाऱ्या पाण्यात त्यांची चाचणी कोणी घेतली नव्हती. पाणी आत शिरायचं, यंत्रणा गंजायची आणि ‘ब्रूस’ पुन्हा दुरुस्तीला जायचा. हे नाव दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गच्या वकिलाचं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, कोण जाणे.

स्पीलबर्ग तेव्हा २७ वर्षांचा होता. ‘जॉज’चं चित्रीकरण ५५ दिवसांत उरकायचं ठरलं होतं, ते १५९ दिवस चाललं. खर्च सुमारे ४० लाख डॉलरवरून ९० लाखांवर गेला. आता पोराची कारकीर्द संपली, असं हॉलिवूडमध्ये बोललं जाऊ लागलं. नाताळात चित्रपट लावायचा बेत तर कधीच बारगळला होता.

पण युनिट खोळंबलेलं, कॅमेरा तयार आणि मासा नाही, तर करायचं काय? माशाशिवायच भागवायचं. पहिल्याच दृश्यात रात्री पोहायला गेलेली मुलगी पाण्यात हिसडे खात इकडून तिकडे फरफटते. प्रत्यक्षात तिच्या अंगाला पट्टे बांधून दोन बाजूंनी माणसं दोर ओढत होती. पुढे शार्कच्या अंगात हार्पून रुतवून त्याला पिवळी पिंपं बांधली. पिंप पाण्यावर पळू लागलं, की प्रेक्षकाने खालचा मासा ओळखायचा. बाकीचं काम संगीतकार जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी केलं. ती धून पहिल्यांदा ऐकली तेव्हा हा थट्टा करतोय, असं स्पीलबर्गला वाटलं होतं. संकलक व्हर्ना फील्ड्सने ब्रूसचे खोटे वाटणारे क्षण निर्दयपणे छाटले आणि शार्क धडपणे दिसेपर्यंत तासाहून जास्त चित्रपट उलटून गेला.

हे जमलंय की फसलंय, ते २६ मार्च १९७५ला डॅलसमध्ये कळायचं होतं. चाचणी खेळ चालू असताना स्पीलबर्ग प्रेक्षागृहात मागे उभा होता. लहान मुलाच्या बळीचं दृश्य आलं आणि पुढचा एक माणूस उठून धावत सुटला. संपलं, लोक उठून जायला लागले, असं स्पीलबर्गला वाटलं. तो माणूस बाहेरच्या दालनात जाऊन ओकला, तोंड पुसलं आणि परत येऊन आपल्या खुर्चीत बसला. दिग्दर्शकाला याहून चांगली पावती कोणती हवी!

मासा न दाखवताच घाबरवता येतं, हा एक शोध. दुसरा शोध लागला तो धंद्याचा, आणि त्याचा मानकरी वेगळा होता. तोवर मोठे चित्रपट सहसा आधी मोजक्या शहरांत लागत आणि तोंडोतोंडी कीर्ती पसरली की इतर गावांत जात. एकदम शेकडो थिएटरांत बहुतेक पडेल माल लावायचा, म्हणजे बोभाटा होण्याआधी गल्ला गोळा! उन्हाळा तर मंदीचाच, लोक समुद्रावर जातात म्हणून. ‘जॉज’ काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओने चांगल्या चित्रपटाला ही पडेल मालाची रीत लावली आणि मंदीचा हंगाम दिला. प्रदर्शनाच्या आधीच्या तीन रात्री टीव्हीवर तीस-तीस सेकंदांच्या जाहिरातींचा मारा केला. त्यावर सुमारे ७ लाख डॉलर उधळले. थिएटरं खूप जास्त घ्यायचा बेत होता, पण स्टुडिओचे सर्वेसर्वा ल्यू वॉसरमन यांनी आकडा कापून अमेरिकेत ४०९वर आणला. रांगा दिसल्या पाहिजेत, चित्रपट उन्हाळाभर चालला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी चाल हीच, आणि पुढे सगळे विसरले तेही हेच.

२० जून १९७५ला ‘जॉज’ लागला. समुद्रावर जाणारे लोक समुद्राचीच भीती विकत घ्यायला रांगेत उभे राहिले. दोन आठवड्यांत निर्मितीखर्च निघाला आणि सप्टेंबरपर्यंत ‘गॉडफादर’चा अमेरिकेतला विक्रम मोडला.

त्यानंतर स्टुडिओंनी जून-जुलैच्या तारखा अडवून ठेवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यांच्या तिकीटविक्रीत स्टुडिओचा वाटा मोठा, मग चित्रपट हळूहळू चढू देण्यात कुणाला रस राहणार? जाहिरातीचे आकडे फुगले. १९८९चा ‘बॅटमॅन’ अमेरिकेत दोन हजारांहून जास्त पडद्यांवर एकदम उघडला, आणि पहिल्या शनिवार-रविवारी जो आपटला त्याला दुसरा आठवडा मिळणं मुश्कील झालं.

युनिव्हर्सलने स्वतः काय धडा घेतला, ते १९७८च्या जूनमध्येच दिसलं होतं. ‘जॉज २’ आला. स्पीलबर्ग त्यात नव्हता, थिएटरं आधीपेक्षा जास्त होती आणि शार्क मात्र पोटभर दाखवला होता. धंदा उत्तम झाला.