कात्रणाची मागची बाजू

कूळकायद्यावरचे जुने लेख शोधताना एका संशोधन संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात मला एक नोंद दिसली. तारखेच्या रकान्यात तारीख नव्हती. 'अंदाजे १९५७ ते १९६०' एवढंच होतं, आणि पुढे कारण दिलेलं होतं: किंमत नव्या पैशांत, लेखात 'मुंबई राज्य' असा उल्लेख. तिच्या वरच्या-खालच्या नोंदींना असला संकोच नव्हता. १ जानेवारी १९५०. १ जानेवारी १९६०. खाली पुन्हा १ जानेवारी १९६०. एवढे लेख नेमके नववर्षाच्या सकाळीच कसे छापून आले, हा प्रश्न ज्याला पडला होता त्या एका माणसाचा पत्ता मी काढला. तो निघाला घोडेगावचा.

नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की नेवासे तालुक्यात हे गाव येतं. शिंगणापूरचे भाविक इथल्या फाट्यावर वळतात. शुक्रवारी म्हशींचा बाजार, एरवी कांदा. एका आडतीच्या दुकानावरच्या खोलीत चाळिशीतल्या एक ताई लॅपटॉप घेऊन बसतात. ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे, नोकरी मिळाली नाही, आता हे काम नगावर करतात. स्कॅन पुण्यात होतं. त्यानंतर ज्या कात्रणांवर तारीख नाही त्यांच्या मूळ वह्या गठ्ठ्याने इकडे येतात. लेख वाचायचा, शीर्षक, लेखक, विषय, गाव भरायचं, तारीख ठरवायची, पुढचं घ्यायचं.

"एका कात्रणाला वीस मिनिटं धरलीत त्यांनी," ताई म्हणाल्या. ते कुणी आणि कशावरून धरलं, ते त्यांना ठाऊक नाही.

खोलीत खालून कांद्याचा वास येतो, तो अपेक्षित होता. वही उघडल्यावर जो वास आला तो मी विसरलोच होतो. मैद्याची खळ, तिच्यात किडे लागू नयेत म्हणून घातलेला मोरचूद, आणि वर साठ-पासष्ट वर्षांची धूळ. कुणा शाळामास्तरांनी जुन्या रोजकीर्दीच्या पानांवर वर्षानुवर्षं कात्रणं डकवली होती. कापलेली फार सुबक, कडा सरळ. ती सुबकताच आता नडते.

"सर, तारीख पानाच्या कपाळावर असते आणि कात्री तिच्या खालून चालते," ताई म्हणाल्या. "कापणाऱ्याला ती आजचीच तारीख. आजची तारीख कोण जपून ठेवतं?"

गंमत अशी की हा तालुका तारखेच्या बाबतीत तसा बेफिकीर नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या शेवटी शके १२१२ हे साल आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नावही आलं आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचं साल पक्कं, आणि आजोबांनी कापलेल्या लेखाचं नाही. याच तालुक्यातल्या तरवडीहून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' हे सत्यशोधक साप्ताहिक काढत. १९१० साली त्यांनी ते हाती घेतलं आणि अर्धशतकाहून जास्त काळ खेड्यात बसून चालवलं. शहराबाहेर वर्तमानपत्र निघू शकतं हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथल्या माळ्यांवर कात्रणांच्या वह्या निघाल्या तर नवल नाही.

तारीख लावायची ताईंची रीत एका वाक्यात सांगता येते: नवीन गोष्ट पुरावा असते, जुनी नसते. कात्रणात 'न. पै.' दिसलं की १ एप्रिल १९५७ च्या अलीकडचं, कारण दशमान नाणी त्या दिवशी आली. पण आणे दिसले म्हणून ते त्याआधीचं ठरत नाही. आणे लोकांच्या तोंडी आणि खिशात नंतरही कितीतरी दिवस होते. जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नसेल तर काहीच कळत नाही, पिन न लिहिणारे आजही आहेत. 'नाहीं', 'कांहीं' अशी अनुस्वारांची गर्दी दिसली की कुणीही चटकन १९६२ च्या आधीचं म्हणेल, कारण साहित्य महामंडळाचे नवे नियम त्या वर्षी सरकारने मान्य केले. ताई म्हणत नाहीत. जुन्या वळणाचे संपादक नियम आले म्हणून अनुस्वार सोडतात होय?

वजनांचंही तेच. किलो १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला. यावर बोलायला घरातच माणूस आहे. ताईंचे सासरे, त्यांना त्या मामा म्हणतात, ऐंशी ओलांडलेले आणि आयुष्यभर बाजारात मापाडी. ते खिडकीशी कॉटवर पडून असतात आणि आपल्याला विचारलं नसतानाही उत्तर देतात. "किलो आला काट्यावर. तोंडात मणच व्हता. भाव मणाचा बोलायचा आन् पट्टी किलोची फाडायची."

मी ज्या नोंदीमुळे आलो तेच कात्रण ताईंनी पुन्हा काढलं. त्यांच्या मते ते 'अर्धवट राहिलेलं' होतं. लेख एका कुळाचा. १९४८ चा कूळकायदा, १९५६ ची दुरुस्ती, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. पण सातबाऱ्यावर माझं नाव कुठाय, असा त्याचा रोकडा सवाल. नव्या पैशाची सुरुवात आणि कुळाची मालकी एकाच तारखेला, हा योगायोग मला आधी कधी जाणवला नव्हता. लेखात 'मुंबई राज्य' आहे आणि लेखक चालू काळाबद्दल बोलतो आहे, म्हणजे १ मे १९६० च्या आधीचं. अशी तीन वर्षांची खिडकी. बरेच जण इथे थांबतील. वीस मिनिटांत एवढं झालं तरी खूप.

कात्रण एका कडेने खळीतून सुटलं होतं. ताईंनी पान टेबलावरच्या काचेवर ठेवलं, काचेखालची एलईडीची पट्टी लावली. मागच्या बाजूची छपाई पुढच्या ओळींतून उलटी उमटली. शिरोरेषा जागच्या जागी, खाली अक्षरांची तोंडं भलतीकडे. मोबाइलने फोटो घेतला, तो आडवा फिरवला, उजेड कमी-जास्त केला. बराच वेळ नुसतं मुंग्यांचं वारूळ. मग एक शब्द सुटा झाला: 'रविवार'. त्याच्यापुढे 'ता. १० ऑग'. खालच्या ओळीत 'अधिक मा' आणि दुसऱ्या टोकाला 'कीर्त'. बाकीचं कात्रीने नेलं होतं, किंवा खळीखाली होतं.

"होईल आहे का झालं आहे, ते बघू द्या," ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यासाठी कितीतरी वेळ त्या स्क्रीनवर वाकून होत्या. शेवटी ओळीच्या अखेरीस '...ईल' मिळालं. म्हणजे व्हायच्या कार्यक्रमाची सूचना. अंक १० ऑगस्टच्या आधीचा.

पुढचं सोपं. १० ऑगस्टला १९५७ मध्ये शनिवार, १९५८ मध्ये रविवार, १९५९ मध्ये सोमवार. खिडकीतलं एकच साल बसतं. पण ताई एका पुराव्यावर साल लावत नाहीत. अधिक महिना उरला होता. तो साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो, तेव्हा तिथेही पडताळा हवा.

"दोन श्रावण आल्ते त्या साली," कॉटवरून आवाज आला. "थोरलीचं लगीन झाल्यालं. दाजी पहिल्या धोंड्याला आल्ते, अनारशे बिघडले म्हनून आई रडली."

मला वाटलं, झालं काम. ताईंनी मामांच्या अनारशांची नोंद घेतली नाही. त्यांनी पंचांग उघडलं. शके १८८०, अधिक श्रावण. मगच टंकलं: 'बहुधा जुलै-ऑगस्ट १९५८, १० ऑगस्टपूर्वी', आणि खाली तिन्ही कारणं. मामांचं नाव कारणांत नाही याबद्दल मामांना काही वाटलेलं दिसलं नाही. मलाच थोडं वाटलं.

हे काम काही आजचं नाही. पेशवे दफ्तरातल्या कित्येक पत्रांवर 'छ', म्हणजे चंद्र, आणि मुसलमानी महिना असतो. साल लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही माहीत, म्हणून गाळलेलं. गो. स. सरदेसायांनी १९३० पासून त्या दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत काढले, तेव्हा मजकुरातल्या स्वाऱ्या, मुक्काम, मृत्यूच्या बातम्या यांवरून सालं लावावी लागली. हाताशी मोडक आणि खरे यांच्या जंत्र्या. फरक एवढाच की तिथे अंदाजाची तारीख अंदाजाची म्हणून छापायची सोय होती. इथे संगणकाच्या अर्जात तारखेचा रकाना सक्तीचा आहे. पूर्ण तारखेशिवाय नोंद जतन होत नाही, आणि नुसतं वर्ष भरून दिवस-महिना रिकामा सोडला की संगणक आपणहून १ जानेवारी घालतो.

महाराष्ट्रात हा प्रकार समजावून सांगावा लागू नये. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकत. मामांचाही वाढदिवस १ जूनलाच.

"पण मामांची तारीख खोटी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे," ताई म्हणाल्या. "त्या लेखाची कुणाला माहीत असणार? उद्या कुणी प्रबंधात लिहील की १९६० उजाडताच कुळांनी एकाच दिवशी लेख लिहिले."

विषयसूचीचे घोळ वेगळेच. लेखकाची सही नुसती 'एक कूळ'. हे टोपणनाव या वह्यांत बऱ्याच ठिकाणी येतं आणि ते एकाच माणसाचं असेल असं धरून चालत नाही. गाव 'नगर' लिहायचं, 'अहमदनगर', की २०२४ नंतरचं 'अहिल्यानगर'? ताई छापलेलं नाव तसंच ठेवतात आणि शोधासाठी बाकीची जोडतात. मामांना तो लेख कुणाचा असेल याचाही अंदाज आहे, सोनईकडच्या एका घराण्याचं नाव त्यांनी घेतलं. ताईंनी ते लिहिलं नाही. कुळांचे दावे अजून कोर्टात आहेत आणि नातवंडं गावात आहेत.

वीस मिनिटं कधीच मागे पडली होती. त्या एका ओळीच्या दुरुस्तीत दुपार गेली, आणि नोंद जुनीच असल्यामुळे दुरुस्तीचे पैसे नाहीत. 'असली कामं आवड म्हणून होतात' असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मला ते वाक्य आवडत नाही. आवडीचं बिल नेहमी नगावर काम करणाऱ्याच्याच नावे फाटतं.

अर्जात तारखेऐवजी 'अंदाजे' लिहिता येईल असा वेगळा रकाना मात्र ताईंनी पत्रांवर पत्रं लिहून मिळवला आहे. मी पाहिली ती नोंद त्याच रकान्यातली. त्यातही एक खोच निघाली. संगणक हा रकाना तारीख म्हणून वाचत नाही, मजकूर म्हणून वाचतो. त्यामुळे कालक्रमाने यादी लावली की १ जानेवारीवाले लेख रांगेत आपापल्या जागी उभे राहतात आणि १९५८ चा हा लेख २०२३ च्याही खाली जातो. ताईंनी 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन तारखांचे रकाने मागितले आहेत. पुण्याहून उत्तर आलं आहे की मागणी विचारात घेतली जाईल. तोवर कूळकायद्यावर काही शोधणाऱ्याने यादी शेवटाकडून वाचायला घ्यावी.