कुत्रा नेमकं काय शिकतो? शिकवताना होणाऱ्या पाच चुका

घरातल्या कुत्र्याला शिकवताना कोणत्या चुका होतात, हे आज आपण पाहणार आहोत. सुरुवात पुण्यापासूनच करू या. शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटकं हुडकणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडोर तिथेच तयार झाला. आता असा कुत्रा आरडीएक्स शोधतो, तेव्हा त्याला देशसेवा कळते का? नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं, की हा वास सापडला की लगेच चेंडू, खाऊ किंवा शाबासकी मिळते. ‘अमुक केलं की लगेच तमुक घडतं’, एवढंच कुत्रा शिकतो. यातला ‘लगेच’ आपण विसरतो आणि घोटाळा होतो.

पहिली चूक, उशिरा रागावणं. दुपारी दोनला उशी फाडली आणि आपण संध्याकाळी सातला ओरडलो. कुत्र्याच्या लेखी घडलं काय? माणूस दारातून आत आला आणि ओरडला, बस. मग तो कान पाडतो, नजर चुकवतो आणि आपण म्हणतो, ‘बघा, चूक कळलीये त्याला!’ न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने चूक केलेली असो वा नसो, मालक रागावला की तो ‘अपराधी’ चेहरा दिसतोच. तेव्हा सू केलेल्या जागी पिल्लाचं नाक घासणं सोडून द्या. त्याला झोपून उठल्यावर, जेवणानंतर आणि खेळ झाल्यावर बाहेर न्या, आणि बाहेर शी-सू केली की तिथल्या तिथे खाऊ द्या.

दुसरी चूक, घरात एकवाक्यता नसणं. बाबा म्हणतात ‘सिट’, आजी म्हणते ‘बस रे बाळा’, मुलं म्हणतात ‘सिट डाउन’. त्यात आई जेवताना काही देत नाही आणि आजोबा टेबलाखालून पोळीचा तुकडा सरकवतात! दहा वेळा मागून एकदा मिळालं, की कुत्रा अकराव्यांदा जास्त चिकाटीने मागतो.

तिसरी चूक, बोलावून शिक्षा करणं. वेताळ टेकडीवर हाका मारमारून कुत्रा शेवटी आला आणि आपण त्यालाच दटावलं. मग तो पुढच्या वेळी कशाला येईल? कितीही उशिरा आला तरी आल्याचं कौतुकच करायचं. आणि फक्त घरी न्यायलाच बोलवायचं, असंही करू नका. मधूनमधून बोलवा, खाऊ द्या, पुन्हा खेळायला सोडा.

चौथी चूक, पिल्लाला कोंडून ठेवणं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखून घेतं. लशी पूर्ण झालेल्या नाहीत म्हणून आपण त्याला फ्लॅटबाहेर काढत नाही, आणि मग सहा महिन्यांचा कुत्रा लिफ्टला, रिक्षाला, ढोलपथकाच्या सरावाला घाबरतो. अनोळखी कुत्र्यांपासून लांब ठेवा, पण कडेवर घेऊन रस्ता जरूर दाखवा. आवाज आधी लांबून, सोबत खाऊ, मग हळूहळू जवळून.

पाचवी चूक सगळ्यात धोक्याची, गुरगुरल्याबद्दल मारणं. ‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवलंच पाहिजे’ ही समजूत १९४७ साली कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून पसरली. पुढे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईवडील आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. गुरगुरणं म्हणजे बंड नव्हे, ती सूचना आहे: ‘मला त्रास होतोय, लांब व्हा.’ मारून ती बंद केली तर त्रास तसाच राहतो, फक्त सूचना जाते. मग एक दिवस लहान मूल गळ्यात पडतं आणि कुत्रा थेट चावतो. ‘काही कारण नसताना चावला’ म्हणतात ते बऱ्याचदा असं घडलेलं असतं. मुलाला टाके पडतात आणि कुत्रा घराबाहेर जातो. म्हणून कुत्रा गुरगुरला की आधी मुलाला बाजूला घ्या, मग कारण शोधा. कान दुखतोय का? खाताना कुणी हात घातला का? एकाएकी गुरगुरायला लागला असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवा.

या आठवड्यात एवढंच करू या. घरच्यांनी मिळून ‘बस’, ‘ये’, ‘सोड’ असे चार-पाच शब्द ठरवायचे आणि फ्रिजवर लिहून लावायचे. रोज पाच-पाच मिनिटं, दोन-तीनदा सराव. आजोबांसकट सगळ्यांनी. आता तुमचे प्रश्न घेऊ.