वातानुकूलन यंत्राचा कंप्रेसर वारंवार का थांबतो?

वैशाखात आपल्या शाहपुर-बऱ्हाणपुराकडे पारा ४३ अंशांच्या वर जातो, आणि एसीचा कंप्रेसर नेमका भर दुपारी थांबू लागतो. आतला पंखा फिरत राहतो, हवा मात्र कोमट येते. काही वेळाने यंत्र आपोआप सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ही केवळ गैरसोय राहत नाही. अशा वेळी ‘कंप्रेसर गेला, नवा बसवा’ असा सल्ला ताबडतोब मिळतो आणि हजारो रुपयांचा खर्च अंगावर येतो. पुष्कळदा कंप्रेसर गेलेला नसतोच. तो स्वतःचा बचाव करीत असतो.

हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही, खोलीतील उष्णता बाहेर नेऊन टाकते. कंप्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो अतिशय तापतो, आणि बाहेरच्या जाळीत आपली उष्णता हवेला देतो. बाहेरची हवाच ४४ अंशांची असली तर गॅसला त्याहून पुष्कळ अधिक तापावे लागते, म्हणजेच दाब व मोटारीवरचा भार दोन्ही वाढतात. भार असह्य झाला की दोन धातूंची एक लहानशी चकती तापून वाकते व वीजप्रवाह तोडते. ती निवाल्यावर यंत्र पुन्हा चालते. (खोली पुरेशी थंड होऊन कंप्रेसर थांबला, तर तो दोष नव्हे.)

तेव्हा प्रथम घड्याळ पाहावे. यंत्र किती वेळाने थांबते, यावरून निम्मे निदान होते.

सुरू होताना नुसते गुणगुणून काही सेकंदांतच ‘टक्’ आवाज करून थांबले, तर बहुधा कपॅसिटर कमजोर झालेला असतो किंवा व्होल्टेज पडलेले असते. कपॅसिटर ही कंप्रेसरच्या मानाने अगदी स्वस्त वस्तू आहे. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. पण शेजारी माग किंवा पंप सुरू झाले, वा घरातील तार बारीक असली, की तो बराच खाली येतो. स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा आकडा यंत्र सुरू होण्याच्या क्षणी पाहावा. कित्येकदा कंप्रेसर नव्हे, स्टॅबिलायझरच वीज तोडत असतो.

दहा-वीस मिनिटे चालून थांबले, तर संशय उष्णतेवर घ्यावा. बऱ्हाणपुरात यंत्रमाग पुष्कळ. मागाजवळच्या घरी कापसाची तूस व धूळ बाहेरच्या जाळीत बसते व हवा कोंडते. वीज बंद करून ती साध्या पाण्याने, फार जोर न लावता, धुवावी. पाती वाकवू नयेत. बाहेरचा पंखा पूर्ण गतीने फिरतो की नाही हेही पाहावे. पुष्कळ लोक उन्हापासून बचाव म्हणून या पेटीला पत्र्याच्या खोक्यात कोंडतात. सावली जरूर करावी, पण गरम हवा बाहेर जाण्याची वाट अडवू नये.

गारवा मुळातच कमी, आणि आतल्या जाळीवर बर्फ धरत असेल, तर आधी आतली गाळणी धुऊन पाहावी. तरीही बर्फ धरला तर गॅस कमी असण्याचा संभव आहे. परतणाऱ्या गॅसमुळे कंप्रेसरच्या मोटारीलाही थंडावा मिळतो. तो घटला की मोटार तापते. मात्र गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कोठेतरी गळती आहे. गळती न बुजवता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. नव्या यंत्रांतील आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

बाहेरच्या पेटीचे झाकण स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो व जबर धक्का बसतो. मेकॅनिक आल्यावर त्याला थांबण्याची वेळ व व्होल्टेज सांगावे, आणि कंप्रेसर बदलण्याची भाषा काढल्यास तीन गोष्टी विचाराव्यात : चालताना किती अँपिअर घेतो, कपॅसिटर मोजला काय, आणि मोटारीचे वेटोळे थंड असताना तपासले काय? गरम कंप्रेसरमध्ये ती चकती उघडलेली असते, त्यामुळे चांगले वेटोळेही तुटल्यासारखे दिसते. कंप्रेसर पुरता निवेपर्यंत तासभर थांबून मग मोजावे.